बाल्दोमेरोची कुरकुर

माझा नवरा मेला आणि महिन्याभरात संत झाला. त्यात माझा काही हात नव्हता, गल्लीनंच ते केलं. चर्चच्या पायऱ्यांवर, मासळीबाजारात, पावाच्या दुकानात, जिथं जावं तिथं कुणीतरी माझा हात हातात घ्यायचं आणि मान हलवत म्हणायचं, "काय देवमाणूस होता, दोन्या आम्पारो. किती शांत स्वभाव." पहिल्यांदा असं ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही बाई दुसऱ्या कुणाच्या तरी घरी समाचाराला निघाली असणार आणि रस्ता चुकली.

बाल्दोमेरो आर्से, आणि म्हणे शांत. एन्सेनादाच्या धक्क्यावर तो जहाजांचे दोर बांधायचा. उत्तरेकडून पर्यटकांनी भरलेली पांढरी जहाजं यायची, वरून दोर फेकला जायचा, आणि हा तो पकडून खुंटाला अडकवता अडकवता जहाजाला, कप्तानाला आणि कठड्यावरून हात हलवणाऱ्या सगळ्या गोऱ्यांना शिव्या हासडायचा. त्या बिचाऱ्यांना वाटायचं, हा माणूस आपलं स्वागत करतोय. ते आणखी जोरात हात हलवायचे, मग हाही आणखी जोरात शिव्या द्यायचा. असा आनंदाचा कारभार चालायचा.

घरी आला की बाकीच्यांचा नंबर. सकाळी पडदा सारला की पहिली तक्रार समुद्राची. मग धुक्याची, मग छपरावर शिटणाऱ्या पेलिकनची, मग खिडकीखाली ट्रम्पेट वाजवत जाणाऱ्या पोरांची. सूपमध्ये मीठ जास्त झालं की माझा हात सैल, कमी पडलं की माझं लक्ष नाही. बरोबर पडलं तर तो म्हणायचा, आज काय झालंय, बरी आहेस ना. मे महिन्यात एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेला, आणि तेव्हापासून घर मला खायला उठतं. त्याची आठवण येते असं नुसतं म्हणून भागत नाही. मला तो हवा आहे, कपाळावरच्या आठ्यांसकट. आणि लोक मला त्याच्या जागी एक गुळगुळीत म्हातारा आणून देत होते, ज्याला मी जन्मात कधी भेटले नव्हते.

आता चिडक्याचं सांगते, कारण सगळं भांडण त्यावरूनच झालं. कार्निव्हल सुरू व्हायच्या संध्याकाळी आमच्या शहरात चिडक्याचा पुतळा जाळतात, म्हणजे पुढचे दिवस सगळ्यांनी हसतखेळत घालवावेत. खाली मोठ्या रस्त्यावर जो जळतो त्याला बहुतेक एखाद्या पुढाऱ्याचं तोंड असतं. आमच्या चढावरच्या गल्लीचा चिडक्या मात्र गल्लीतलाच. ज्यानं वर्षभर लोकांना वैताग दिला, त्याचे जुने कपडे घ्यायचे, आत खोऱ्यातून आणलेल्या द्राक्षवेलींच्या वाळक्या काटक्या भरायच्या आणि चौकात खुर्चीवर बसवायचा. माझं लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हापासून तो मान बाल्दोचा. दुसरं कुणी त्याच्या वाटेला जातच नसे.

पुतळा बसला की एकेकानं समोर येऊन आपली तक्रार सांगायची, आणि खरा बाल्दो आमच्या दारात उभा राहून तिला उत्तर द्यायचा. लोक जाळ बघायला नाही, ती उत्तरं ऐकायला यायचे. वरच्या गल्लीतलेही यायचे. शेवटची तक्रार घरच्या माणसाची, म्हणजे माझी. मी माझं गाऱ्हाणं घालायचे, तो मला उलट बोलायचा, आणि मग काडी लावायची तीही मीच.

यंदा जानेवारी संपता संपता एव्होदिओ घरी आला. कोपऱ्यावर त्याचं केस कापायचं दुकान आहे आणि गल्लीतलं जे काही ठरायचं ते तिथंच ठरतं. टोपी पोटाशी धरून दारात उभा राहिला, तेव्हाच मला कळलं की काहीतरी चांगुलपणा करायला आलाय.

"दोन्या आम्पारो, सगळ्यांनी मिळून ठरवलंय. यंदा आपण धुकं जाळायचं."

"धुकं कसं जाळणार रे?"

"कापूस लावून. छान होतंय. मोठ्ठं करतोय."

"आणि बाल्दो?"

त्यानं छातीवर क्रूस काढला. "असं काय विचारता. गेलेल्या माणसाचा पुतळा जाळतात का कुणी? आणि माणूस तरी कसा, इतका प्रेमळ—"

"एव्होदिओ, तो तुला जन्मभर मेंढ्या भादरणारा म्हणाला."

"मायेनं म्हणायचे हो ते."

"मायेनं नाही. तू त्याचा कान कापला होतास."

त्याचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. "तो विषय वेगळा," तो म्हणाला. "हे बघा, आम्हाला तुमचं मन दुखवायचं नाही."

"जिवंत होता तेव्हा दरवर्षी जाळलात, तेव्हा माझं मन दुखत नव्हतं. आता कापूस जाळणार म्हणता, तर दुखतंय."

त्यानं टोपी डोक्यावर चढवली. शेवटी म्हणाला, "ग्रिसेल्दा येणार आहे ना कार्निव्हलला? तिला विचारा. मुलगी हो म्हणाली तर बघू." आणि सुटल्यासारखा चढ उतरून गेला.

ग्रिसेल्दा माझी एकुलती एक. सीमेपलीकडे अमेरिकेत, साक्रामेंटोला असते, तिथल्याच माणसाशी लग्न केलंय. अंत्यविधीला आली होती ती दोन दिवसांसाठी, रडत आली आणि रडत गेली. यंदा मात्र खास आठवडाभर आपलं गाव बघायला आली. गाव सोडून गेलेली माणसं गावात परत आली की त्यांना आवरणं कठीण असतं. आल्या आल्या तिनं माझ्या कोमाद्रेच्या गाडीवर उभं राहून माशाचे टाको खाल्ले. कोमाद्रे म्हणजे ओब्दुलिया, जिनं ग्रिसेल्दाला बाप्तिस्म्याच्या वेळी मांडीवर घेतलं होतं आणि तेव्हापासून तिला खायला घालायचं काम सोडलेलं नाही. मग शिंपल्यांची तोस्तादा, मग चुरो, मग बंदरावर सी-लायनचे फोटो. ज्या बँडवाल्यांचा आवाज ऐकून आम्ही खिडक्या लावून घेतो, त्यांना थांबवून तिनं गाणं वाजवायला लावलं. पांढरं जहाज भोंगा वाजवत आत आलं तेव्हा तिचे डोळे भरून आले.

"पपांना हे सगळं किती आवडायचं," ती म्हणाली.

"काय आवडायचं?"

"हेच. जहाजं, माणसं, गाणी. मम्मी, किती गोड होते ते. माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही."

मी रस्त्यातच थांबले. "मिहा, पोरी, ते तुझ्यावर ओरडायचे तेव्हा कोपऱ्यावर एव्होदिओच्या हातातली कात्री पडायची."

"तू पण ना. आता तरी त्यांना चांगलं म्हण."

चिडक्याचं विचारलं तर तिनं सरळ मान उडवली. नाही म्हणजे नाही, बापाचा पुतळा ती जाळू देणार नाही. बोलून काय करू? एक गल्ली, एक मुलगी, सगळे चांगले, सगळ्यांना माझी काळजी, आणि सगळे मिळून त्याला माझ्यापासून लांब लांब नेत होते. त्या रात्री मी त्याच्या उशीकडे पाठ करून झोपले, तो झोपायचा तशी.

दुसऱ्या दिवशी तिला खोऱ्यात जाऊन वाइन प्यायची होती. मी म्हटलं मीही येते, काटक्या आणायच्याच आहेत. धुकं जाळायचं झालं तरी आत काटक्या लागणारच ना.

फेब्रुवारीत खोरं अगदी उघडं असतं. वेली छाटून झालेल्या, रांगांच्या टोकाला काटक्यांचे भारे रचलेले, टेकड्यांवर नुसते मोठाले धोंडे. धुळीच्या रस्त्यानं गाडी हेलकावत एका काचेच्या घराशी थांबली. आत सगळे हळू आवाजात बोलत होते, आजारी माणूस झोपलेला असावा तसे. एका तरतरीत मुलीनं आमच्यापुढे ग्लासात घोटभर वाइन ओतली आणि म्हणाली, "आधी वास घ्या. याच्यात तुम्हाला ओल्या दगडाचा गंध जाणवेल."

मी ग्रिसेल्दाकडे पाहिलं. तिनं ग्लास नाकाशी नेला होता, आणि तो तिच्या हातात थरथरायला लागला. मला वाटलं रडतेय. मग तिच्या तोंडातून असा आवाज निघाला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. ती हसत होती.

"ओला दगड," ती म्हणाली. "मम्मी, ओला दगड."

तिच्या लग्नाच्या वेळची गोष्ट. जावयाचे आईवडील तिकडून आले होते, त्यांना आम्ही असंच खोऱ्यात आणलं. बाल्दोनं एव्होदिओचा टाय बांधलेला, त्यामुळे सकाळपासून मान आखडलेली आणि डोकं फिरलेलं. तिथल्या माणसानं ओल्या दगडाचं नाव काढलं. बाल्दो म्हणाला, मी धक्क्यावरच्या ओल्या दगडांवर जन्मभर तोंडघशी पडत आलोय, मला दगडाची चव शिकवू नका, ही ती नव्हे. बोलून थांबला असता तर तो बाल्दो कसला. बाहेर गेला, अंगणातला एक दगड उचलला, नळाखाली धरला, आत आणून आधी स्वतः चाटला आणि मग पुसून व्याह्यांच्या हातात ठेवला. व्याही सज्जन माणूस. त्यांनीही चाटला.

"मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं," ग्रिसेल्दा डोळे पुसत म्हणाली. "आणि सासरे काय म्हणाले माहितेय? परत जाताना गाडीत म्हणाले, त्यांचं बरोबर होतं."

"हे सांगितलं नाहीस कधी."

"पपांना कळलं असतं तर आम्हाला जगू दिलं असतं का?"

आम्ही दोघी हसलो. मग ती ग्लासाकडे बघत म्हणाली, "मला सगळं आठवतं, मम्मी. माझ्या नवऱ्याला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही, तो उकडलेला बटाटा कसा आहे म्हणून विचारायचे. फोन केला की आधी फोन उशिरा केल्याबद्दल बोलणी, मग लवकर ठेवल्याबद्दल. मला सगळं आठवतं."

"मग गोड होते, शांत होते, हे काय लावलंयस कालपासून?"

"गोड म्हटलं की कमी दुखतं."

"मला कमी नको आहे," मी म्हणाले.

ती ग्लास तसाच ठेवून उठली आणि त्या मुलीला म्हणाली, "वाइन राहू द्या. आम्हाला तुमच्या काटक्या मिळतील का?"

घरी येऊन आम्ही चिडक्या करायला बसलो. डोकं जुन्या उशीच्या अभ्र्याचं, भुवया बूट घासायच्या ब्रशच्या केसांच्या. तोंड ग्रिसेल्दानं रंगवलं आणि मला दाखवलं.

"हा हसतोय," मी म्हणाले.

"कुठं हसतोय? सरळ रेघ आहे."

"सरळ म्हणजे हसणंच झालं. त्याची टोकं खाली ओढ."

तिनं ओढली. मग कपाटातून मी त्याचं धक्क्यावरचं निळं जाकीट काढलं. "तेही जाळायचं?" तिनं विचारलं. "मग काय उघडा बसवू?" मी म्हणाले, पण देण्याआधी कॉलर नाकाशी धरली. डांबर, तंबाखू, आणि तो. मी तशीच पलंगावर बसले. ग्रिसेल्दानं पाहिलं आणि काटक्या मोडायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

एव्होदिओनं पुतळा पाहिला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. मुलगीच मदतीला बसलेली बघून त्याला बोलायला जागा उरली नाही. "लोकांना रुचलं नाही तर माझ्याकडे येऊ नका," एवढं म्हणून त्यानं खुर्ची उचलायला हात लावला. धुक्याचा कापूस वाया जाऊ नये म्हणून बाल्दोच्या पायाखाली घातला.

सूर्य बंदरामागे उतरत होता तेव्हा गल्ली जमली. खालच्या रस्त्यावर ढोल सुरू झाले होते, पण आमच्याकडे मयताला जमल्यासारखी माणसं हात बांधून उभी. एव्होदिओ पुढे झाला, खाकरला आणि म्हणाला, "बाल्दोमेरो, मित्रा, तुझ्याबद्दल आमची कुणाची काहीएक तक्रार नाही." मागे कुणीतरी नाक ओढलं. मला वाटलं, काढावा बाल्दोला खुर्चीतून आणि बसवावा एव्होदिओला.

"माझी आहे," ओब्दुलिया म्हणाली.

ओब्दुलियाच्या जिभेला हाड नाही, हे मी तिची स्तुती म्हणून सांगतेय. एप्रनला हात पुसत ती पुतळ्यासमोर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाल्दो, तू माझ्या गाडीवर यायचास, अर्धा टाको खायचास आणि काटा सापडला म्हणून बोंब मारायचास. आणि मी दुसरा फुकट द्यायचे. माझ्या माशात काटा नसतो. तो तू खिशात घालून आणायचास. मी पाहिलंय तुला."

एक माणूस हसला, मग चारपाच. आणि मग एक गोष्ट झाली. सगळ्यांनी माना वळवून आमच्या दाराकडे बघितलं. कुणी ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, तक्रार झाली की तिकडे बघायचं. दार उघडं होतं, आत दिवा लावलेला होता आणि उंबऱ्यावर कुणी नव्हतं. इतक्या माणसांनी एकदम त्याची वाट बघितली. मे महिन्यापासून मी एकटीच बघत होते.

एव्होदिओनं मान खाली घातली. ओब्दुलियाचा चेहरा पडला. तेवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला, "काटा खिशातला होता, कबूल. पण मासा परवाचा होता."

ओब्दुलिया आ वासून माझ्याकडे वळली. मग तिनं पोट धरलं. "हरामखोर," ती पुतळ्याला म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

त्यानंतर कुणाला आवरता येईना. वरच्या घरातली बाई आली, बाल्दोनं तिच्या कोंबड्याला लोखंडी टोकाचा बूट फेकून मारला होता. मी म्हटलं, कोंबड्याला नाही, गाण्याला मारला, कोंबडा मध्ये आला. पाववाला आला, त्याच्या पावाला बाल्दो बंदराचा खुंट म्हणायचा. मी म्हटलं, खुंटानं तक्रार केली म्हणून सोडून दिलं. शेवटी एव्होदिओही लाल होऊन पुढे आला.

"मी तुझा कान कापला नव्हता, बाल्दो. तूच मान वळवलीस."

"आरशात जे चाललं होतं ते बघवेना म्हणून वळवली."

गल्ली हसून हसून वाकली. एव्होदिओच सगळ्यांत जास्त हसला, आणि मला वाटतं, मे महिन्यानंतर पहिल्यांदाच त्याला बाल्दो खरोखर आठवला असेल. मग ग्रिसेल्दा समोर आली. तिनं जाकिटाची कॉलर सारखी केली.

"पपा, माझ्या लग्नात तुम्ही माझ्याबरोबर नाचला नाहीत."

हे उत्तर मला शोधावं लागलं नाही. त्याच रात्री पलंगावर बूट काढता काढता त्यानं मला दिलं होतं. "त्या बँडवर नाचायचं? तो ट्रम्पेटवाला वाजवत होता की शेवटचे श्वास घेत होता, हे बघण्यातच माझी रात्र गेली."

ती हसली. हसताना ओठांची टोकं खाली गेली, अगदी त्याच्यासारखी. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

मग माझी पाळी आली. तो तिथं होता, मला माहीत आहे. माझा बाल्दो, खडूस, खोटारडा, खिशात काटे घेऊन फिरणारा, सगळ्यांच्या मध्ये बसला होता. तो मला परत हवा होता आणि मिळाला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा मला कळलं की एवढा सगळा हट्ट मी कशासाठी केला होता. त्या संतापुढे मला काही बोलताच आलं नसतं.

"बाल्दो," मी म्हणाले, "तू धुक्याची तक्रार केलीस. पेलिकनची केलीस, सूपची, सरकारची, जावयाची. तुला बूट चावला तर मला रात्रभर ऐकवलंस. डॉक्टर म्हणाला, तुझ्या छातीत महिनोन्‌महिने दुखत असणार. चढ चढताना दुखत असणार, दोर ओढताना, रात्री माझ्या शेजारी पडल्यावर. त्याची तक्रार का केली नाहीस? मी ऐकली असती. तुझं सगळं ऐकलं, तेही ऐकलं असतं."

खालच्या रस्त्यावरचे ढोल ऐकू येत होते. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण उत्तरं मी देत होते, आणि मी त्या उशीच्या अभ्र्याकडे बघत होते. त्याची सगळी उत्तरं मला पाठ होती. हे नव्हतं.

ग्रिसेल्दानं काडेपेटी माझ्या हातात ठेवली. मी ती घट्ट धरली, पण काडी काढली नाही. कुणी घाई केली नाही. बोलायची पाळी त्याची होती.